सिस्टीमनेच अर्ज नाकारला तर कायद्याने तो निर्णय कुणाचा धरायचा?

अर्धा_कोडर:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी एका सरकारी खात्यासाठी ऑनलाइन अर्जांची सिस्टीम बनवणाऱ्या टीममध्ये आहे. कुठला देश, कुठलं खातं ते लिहीत नाही, नोकरी आहे, आणि तसंही मला तत्त्वच समजून घ्यायचंय. लोक एका आर्थिक मदतीसाठी अर्ज करतात, अधिकारी तपासतात, मंजूर किंवा नामंजूर करतात. आत्तापर्यंत आमची सिस्टीम फक्त अर्ज इकडून तिकडे पोचवायची. आता नवीन रिक्वायरमेंट आलीये की जे अर्ज "स्पष्टपणे अपात्र" आहेत ते रात्रीच्या बॅचमध्ये सिस्टीमनेच नाकारायचे, सकाळी अर्जदाराला मेसेज गेला पाहिजे, मध्ये माणूस नको.

तपासण्या तीन प्रकारच्या आहेत. एक साधी, वय बसतं का, कागद जोडलेत का वगैरे. दुसरी उत्पन्नाची, पण त्यात अर्जदाराने लिहिलेला आकडा धरायचा नाही, कर खात्याच्या डेटाबेसमधून उचलायचा. आणि तिसरी म्हणजे एका कंपनीकडून विकत घेतलेला रिस्क स्कोअर, तो एका आकड्याच्या वर गेला की अर्ज बाद. हा स्कोअर कसा निघतो ते आम्हालाही ठाऊक नाही, आम्ही माहिती पाठवतो, आकडा परत येतो, बास.

मीटिंगमध्ये मी विचारलं की नामंजुरीच्या पत्रावर सही कुणाची, तर म्हणे साहेबांचीच, त्यांच्या डिजिटल सहीचं टोकन (ज्यात सहीची किल्ली असते ते छोटं यूएसबी उपकरण) सर्व्हरला लावूनच ठेवलेलं असतं, बॅच चालली की सह्या होत जातात. साहेब तेव्हा घरी झोपलेले असणार!! मला हे काही पटत नाहीये पण कायद्यातलं कळत नाही म्हणून गप्प बसलो. तर असं चालतं का? उद्या कुणी कोर्टात गेलं तर निर्णय कुणाचा म्हणायचा, साहेबांचा, खात्याचा की माझा? कारण "अपात्र" म्हणजे काय ते शेवटी माझ्याच कोडमध्ये लिहिलंय ना.

वकिली_चष्मा:

प्रश्न चांगला आहे आणि तुम्हाला जे खटकलं ते बरोबरच खटकलंय. सविस्तर लिहितो.

प्रशासकीय कायद्यात पहिला प्रश्न असतो, अधिकार कुणाला दिलाय. कायद्यात "सक्षम अधिकारी अर्जावर निर्णय घेईल" असं असेल तर त्यानेच घ्यायचा, स्वतःच्या मर्जीने तो अधिकार दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, मग तो दुसरा कारकून असो की सर्व्हर. मदत कितीही घ्या, तपासणी करून घ्या, मसुदा तयार करून घ्या, पण डोकं त्याचं लागलं पाहिजे.

मग ऑटोमॅटिक निर्णय कधीच चालत नाही का, तर चालतो, पण कायद्यात तशी सोय असली तर. जर्मनीने त्यांच्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात ३५-अ हे कलम घातलं, १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. ते म्हणतं की प्रशासकीय आदेश पूर्णपणे यंत्राने काढता येईल, पण एक तर विशिष्ट कायद्याने परवानगी दिलेली हवी आणि दुसरं म्हणजे त्या निर्णयात विवेकाधिकार किंवा मूल्यमापनाला वाव नसावा. म्हणजे वय मोजा, तारीख मोजा, ठीक आहे. "अर्जदाराची परिस्थिती खरोखर हलाखीची आहे का" हे मोजायला मशीन बसवू नका. ऑस्ट्रेलियाच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात तर सरळ लिहिलंय की सचिवांनी लावलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने घेतलेला निर्णय हा सचिवांचाच निर्णय मानला जाईल. तुमच्याकडे असलं कलम आहे का ते आधी बघा. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधली ओळ म्हणजे कायदा नव्हे.

आणि कलम नसेल तर काय गंमत होते ते ऐका. ऑस्ट्रेलियातच २०१८ मध्ये पिंटारिच नावाची केस झाली. एका करदात्याला कर खात्याचं पत्र आलं, कॉम्प्युटरवरच्या ठरावीक नमुन्यातून निघालेलं, त्यातून असा अर्थ निघत होता की एवढी रक्कम एकदम भरा, व्याज सोडून देऊ. त्याने भरली. नंतर खातं म्हणालं, व्याज माफ करायचं आम्ही ठरवलंच नव्हतं, पत्र चुकून तसं गेलं. आणि तिथल्या फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी खात्याची बाजू घेतली, की अधिकाऱ्याने मनाशी विचार करून निष्कर्ष काढलेलाच नाही म्हणून तो कायद्याने "निर्णय" नाहीच. तिसऱ्या न्यायमूर्तींना हे मान्य नव्हतं, आणि मला स्वतःला त्यांचंच म्हणणं जास्त पटतं, कारण माणसाने सरकारच्या पत्रावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा. पण बहुमताचा तर्क तुमच्या बॅचला लावून बघा. साहेबांनी अर्ज बघितलाच नाही, म्हणजे नामंजुरीचा निर्णय झालाच नाही, म्हणजे हजारो अर्ज अजून प्रलंबितच आहेत!

भारतातल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, २००० सालच्या, कलम ११ लोक इथे पुढे करतात. त्यात आहे की कुणी आपल्या वतीने आपोआप चालणारी यंत्रणा लावली आणि तिने इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पाठवलं तर ते पाठवलं त्यानेच असं धरायचं. बरोबर आहे, म्हणजे "ते पत्र आमचं नव्हेच" असं म्हणून खात्याला हात झटकता येणार नाहीत. पण पत्र कुणाचं हे ठरलं म्हणून त्यातला निर्णय कायदेशीर होत नाही, हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि मीटिंगमध्ये लोक ते हमखास एकत्र करतात.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निर्णय तुमचा नाही, तुम्हाला तो अधिकारच नाही. पण नियमाचा अर्थ लावायचं काम तुमच्याकडून नकळत करून घेतलं जातंय, ते थांबवा. प्रत्येक अट कुठल्या नियमावरून आली ते लिहून त्याखाली खात्याच्या माणसाची सही घ्या.

तिरकस_तात्या:

एवढं काय त्यात. माणसं काय दिवे लावत होती? अर्ज सहा सहा महिने दाबून ठेवायचे, ओळखीचा असला की वरती, नसला की तळाला. मशीन निदान सगळ्यांना सारखं वागवतं, चहापाणी मागत नाही, जेवणाची सुट्टी घेत नाही. वकील लोकांना प्रत्येक गोष्टीत कलम दिसतं.

फाईलवाले_काका:

तात्या, तुमचं म्हणणं मी नोकरीतून बाहेर पडलोय म्हणून मोकळेपणाने मान्य करतो, माणसं काही देव नव्हती, दाबलेल्या फायली मी स्वतः बघितल्यात.

पण फायलीत एक गोष्ट होती, टिपणी. कारकुनाने लिहिलं की अमुक कागद नाही, सबब नामंजूर करावा असं वाटतं, त्यावर अधीक्षकाने लिहिलं की कागद दुसऱ्या फायलीत आहे, बघून घ्या, मग साहेबांचा शेरा, मग जावक क्रमांक. वाईट काम झालं तरी कुणी केलं, कधी केलं, काय कारण देऊन केलं ते त्याच पानावर सापडायचं, अपिलात तीच टिपणी काढून आम्हाला झापलेलं आहे. आता सिस्टीममध्ये काय दिसतं, "नामंजूर, कोड ०७". कोड ०७ म्हणजे काय ते काउंटरवरच्या पोरालाही माहीत नसतं, तो म्हणतो सिस्टीम घेत नाहीये. कुणाकडे दाद मागायची मग?

आणि अर्ध्या कोडरला एक विचारतो, नियम बदलतात तेव्हा काय करता? मार्चमध्ये अर्ज आला, एप्रिलमध्ये परिपत्रक बदललं, मेमध्ये बॅच चालली. अर्ज कुठल्या नियमाने तपासला? आम्ही फायलीला परिपत्रकाची प्रत लावायचो. तुमचा कोड त्या दिवशी नेमका कसा होता ते दाखवता येईल का दोन वर्षांनी?

शिवाय "कागद जोडला नाही" म्हणून थेट नामंजूर हे आमच्या वेळीही चालत नव्हतं. आधी त्रुटी कळवायची, मुदत द्यायची, मग निकाली काढायचा. स्कॅन पुसट आला म्हणून गरिबाची मदत जायला नको.

पंधरवडा_पीडित:

तात्या, मी तुमच्या "सगळ्यांना सारखं" वर बोलतो, कारण माझा अभ्यासाचा विषयच हा आहे. मशीन सगळ्यांना सारखं वागवतं हे खरं, आणि नियमच चुकीचा भरला असेल तर सगळ्यांवर सारखाच अन्याय करतं, एका रात्रीत.

ऑस्ट्रेलियातलं रोबोडेट वाचा. २०१५-१६ पासून त्यांनी काय केलं, की भत्ता घेणाऱ्या लोकांचं वर्षाचं उत्पन्न कर खात्याकडून घ्यायचं, त्याला २६ ने भागायचं, आणि प्रत्येक पंधरवड्याला एवढीच कमाई झाली असं धरायचं. आता जो माणूस सहा महिने बेकार होता आणि पुढचे सहा महिने नोकरीत, त्याने बेकारीच्या काळात शून्य कमाई खरी खरी कळवली होती, पण सरासरी काढल्यावर त्या काळातही कमाई दिसायला लागली, झाला खोटारडा, गेली वसुलीची नोटीस. कायदा म्हणत होता की त्या त्या पंधरवड्याची प्रत्यक्ष कमाई बघा. म्हणजे भागाकार बरोबर होता हो, नियमच वेगळा होता! वर पुरावा कुणी द्यायचा, तर त्या माणसाने, कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणून. कर्ज आहे हे सिद्ध करायचं काम सरकारचं असतं ते असं गुपचूप उलटं झालं, त्यासाठी कायदा बदलावाही लागला नाही, फक्त स्क्रीनवरचा फॉर्म बदलला.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे २०१४ मध्येच खात्याच्या अंतर्गत कायदेशीर सल्ल्यात लिहिलेलं होतं की अशी सरासरी कायद्याला धरून नाही. तरी चालू ठेवलं. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये अमाटो केसमध्ये सरकारला फेडरल कोर्टापुढे मान्य करावं लागलं की वसुली बेकायदेशीर होती, २०२० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर परत करायची घोषणा झाली, आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा, अहवाल आला.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं पण तसंच. बेरोजगारी भत्त्यातली फसवणूक शोधायला मिडास नावाची सिस्टीम २०१३ मध्ये आणली, ती आपोआपच लोकांना फसवे ठरवायची आणि चौपट दंड लावायची. नंतर राज्याच्याच फेरतपासणीत २२,४२७ प्रकरणांपैकी ९३ टक्के प्रकरणांत फसवणूक नव्हतीच असं निघालं. कुठला लाचखोर कारकून एवढी कामं बिघडवेल सांगा.

म्हणून अर्धा कोडर, तुमची ती दुसरी तपासणी, उत्पन्नाची. कर खात्याचा आकडा वर्षाचा आहे का, आणि तुमच्या योजनेच्या नियमात उत्पन्न कुठल्या काळाचं मोजायचंय? हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

अर्धा_कोडर:

बापरे. आकडा वर्षाचाच येतो. आणि नियमात "अर्जाच्या लगत आधीच्या तीन महिन्यांचं" आहे. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलंय की वर्षाच्या आकड्याला चारने भागा. 😶

पंधरवडा_पीडित:

मग झालंच की! हीच ती भानगड, फक्त २६ च्या जागी ४.

वकिली_चष्मा:

हे लेखी कळवा. तोंडी नको, ईमेल करा, नियमाचा उतारा वर आणि स्पेसिफिकेशनची ओळ त्याखाली, बस, भाष्य काही नको. रोबोडेटमध्ये सल्ला कागदावर होता म्हणून पुढे सगळं उघड झालं.

मीराची_नजर:

मी डेटा संरक्षणाचं काम बघते त्यामुळे माझं सगळं लक्ष तिसऱ्या तपासणीवर गेलं, कारण तुम्ही "आम्हालाही ठाऊक नाही" असं सहज लिहून गेलात आणि कोर्टात नेमकं तेच वाक्य महागात पडतं.

नेदरलँड्समध्ये सीरी नावाची सिस्टीम होती, वेगवेगळ्या सरकारी खात्यांचा डेटा एकत्र करून कोण फसवणूक करण्याची शक्यता आहे ते काढायची. मॉडेल गुप्त, कुणाचं नाव यादीत आलं ते त्याला कळायचंही नाही. हेगच्या जिल्हा न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० ला तो कायदाच युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम ८ च्या, म्हणजे खाजगी आयुष्याच्या हक्काच्या विरुद्ध ठरवला. फसवणूक शोधणं चूक आहे असं कोर्ट म्हणालं नाही, ते म्हणालं की हे नीट तपासून बघताच येत नाही, पुरेशी पारदर्शकता नाही. त्याच देशात बालसंगोपन भत्त्याचा घोटाळा झाला, हजारो कुटुंबांना फसवे ठरवून पैसे परत मागितले, त्यावरून जानेवारी २०२१ मध्ये अख्खं मंत्रिमंडळ पायउतार झालं. दुहेरी नागरिकत्वाची माहिती भेदभाव करून वापरली म्हणून तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने कर प्रशासनाला २७ लाख ५० हजार युरो दंड केला, म्हणजे एका सरकारी यंत्रणेने दुसरीला.

"कंपनीचं व्यापारी गुपित आहे" हे उत्तरही फार चालत नाही. अमेरिकेत हाउस्टनच्या शिक्षकांचं मूल्यमापन एका कंपनीच्या गुप्त सूत्राने व्हायचं, त्यावर नोकऱ्या जायच्या, आणि सूत्र मालकीचं म्हणून शिक्षकांना आपला गुण बरोबर आहे का ते तपासताच येत नव्हतं. २०१७ मध्ये फेडरल कोर्टाने शिक्षकांचा हा मुद्दा ऐकण्यासारखा आहे म्हणून खटला पुढे जाऊ दिला, मग तिथल्या शाळा चालवणाऱ्या जिल्हा यंत्रणेने तडजोड केली. तुमच्या करारात स्कोअरची कारणं मागायचा हक्क लिहून घेतलाय का? बहुतेक नसेलच, खरेदीच्या वेळी सगळे किंमत बघतात.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय, कलम ८(३) आहे, की माणसावर परिणाम करणारा निर्णय ज्या डेटावरून होणार असेल तो पूर्ण, अचूक आणि सुसंगत आहे याची खात्री करायची जबाबदारी डेटा हाताळणाऱ्याची. विकत आणलेल्या आकड्याची अचूकता तुम्ही कशी दाखवणार, हे विचारून बघा मीटिंगमध्ये.

तिरकस_तात्या:

बरं मग सोपं आहे, मध्ये एक माणूस बसवा. सिस्टीम म्हणाली बाद, त्याने ओके दाबलं, निर्णय माणसाचा. खेळ खलास.

अर्धा_कोडर:

तात्यांचीच आयडिया आमच्या मॅनेजरने पण काढली आज. म्हणे एक ऑपरेटर ठेवू, यादी सिलेक्ट ऑल करून ओके करेल. चालेल का हे?

मीराची_नजर:

सिलेक्ट ऑल वाचून हसू आलं पण खूप ठिकाणी हेच चालतं.

युरोपात जीडीपीआर, म्हणजे तिथल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे की केवळ स्वयंचलित प्रक्रियेवर आधारलेला, माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय सोसावा न लागण्याचा हक्क आहे, काही अपवाद आहेत. मग सगळे म्हणायला लागले की आमच्याकडे शेवटी माणूस असतो, आम्हाला लागू नाही. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ७ डिसेंबर २०२३ ला शुफा केसमध्ये ते दार बरंचसं बंद केलं. जर्मनीत शुफा ही संस्था पत-गुण काढते आणि बँक कर्ज द्यायचं की नाही ते ठरवते, शुफा म्हणायची आम्ही फक्त आकडा देतो, निर्णय बँकेचा. कोर्ट म्हणालं, बँक जर त्या आकड्यावरच मोठ्या प्रमाणात विसंबत असेल तर आकडा काढणं हाच निर्णय. केस बँकेची आहे, सरकारी खात्याची नाही, पण तुमच्या रिस्क स्कोअरला तर्क जसाच्या तसा बसतो.

मध्ये बसलेल्या माणसाला अर्ज उघडून बघता आला पाहिजे, सिस्टीमच्या विरुद्ध जायचा अधिकार पाहिजे, आणि विरुद्ध गेला म्हणून त्याला जाब विचारला जाता कामा नये. आणि वेळ! एका अर्जाला किती सेकंद मिळतात ते लॉगमध्ये (सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदींत) दिसतंच ना, समोरचा वकील तेच काढून दाखवेल. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१९ पासून स्वयंचलित निर्णयांसाठी निर्देश लागू केलेत, त्यात परिणामाच्या चार पातळ्या आहेत, वरच्या दोन पातळ्यांवर अंतिम निर्णय माणसानेच घ्यायचा. सगळीकडे एकच जाड चाळणी लावायची गरज नाही हे त्यातलं मला आवडतं.

लॉगवाला:

सगळे कायद्यावर बोलतायत, मी पुराव्यावर बोलतो, कारण भांडण झालं की शेवटी टेबलावर प्रिंटआउटच येतो.

इंग्लंडचं पोस्ट ऑफिस. होरायझन नावाची हिशोबाची सिस्टीम, ती म्हणायची तुमच्या शाखेत एवढे पैसे कमी आहेत, पोस्टमास्तर म्हणायचे मी घेतले नाहीत. १९९९ ते २०१५ मध्ये ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. हे झालं कसं? आधी तिथे १९८४ च्या कायद्यात कलम ६९ होतं की कॉम्प्युटरचं रेकॉर्ड पुराव्यात द्यायचं तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे दाखवा. ते कलम १९९९ च्या कायद्याने काढून टाकलं, मग उलटं गृहीत धरलं जायला लागलं, की कॉम्प्युटर नीटच चालत असतो, तुम्हाला शंका असेल तर तुम्ही दाखवा. आता एक पोस्टमास्तर कुठून दाखवणार, कोड कंपनीकडे, लॉग कंपनीकडे. बाहेरून शाखेच्या हिशोबात बदल करता येतो हे तर कित्येक वर्षं नाकारलं गेलं. २०१९ मध्ये हायकोर्टाने सिस्टीममध्ये दोष आहेत असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

भारतातले नियम याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. आधी पुरावा कायद्याचं ६५-ब, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाईल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) पण लिहायची असते. यात गंमत अशी की रेकॉर्ड सरकारी ऑफिसचं असलं तर प्रमाणपत्र पण त्यांच्याकडूनच आणायचं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गेलं त्यात निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं आणि मागून मागून अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलंच नाही. कोर्टाने म्हटलं प्रमाणपत्र सक्तीचंच आहे, पण जे मिळवणं माणसाच्या हातातच नव्हतं त्यासाठी त्याला अडवता येणार नाही.

तर कोडर भाऊ, काकांनी विचारलेला प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. प्रत्येक नामंजुरीबरोबर कोडची आवृत्ती, नियमाची आवृत्ती, बाहेरून आलेला आकडा जसाच्या तसा, वेळ, हे सगळं एका जागी गोठवून ठेवा आणि अॅडमिनलासुद्धा मागाहून बदलता येणार नाही असं ठेवा. डेटाबेसमध्ये जुन्या ओळीवर नवीन लिहिलं जातं ना, तिथेच केस हरतात.

वकिली_चष्मा:

लॉगवाल्याला एक जोड. लॉगमध्ये कारण असून उपयोग नाही, ते पत्रात गेलं पाहिजे. भारतात १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालापासून हे पक्कं आहे की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तोलायचा, नंतर कोर्टात प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं चिकटवता येत नाहीत. म्हणजे मेसेजमध्ये "अपात्र, कोड ०७" गेलं असेल तर सर्व्हरवर कितीही सुंदर लॉग असू दे. आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ड) प्रमाणे बाधित माणसाला कारणं देणं हे खात्याचं कामच आहे, त्याने अर्ज करून मागायची वाट बघायची नसते.

मेसेजमध्ये किमान एवढं हवं: कुठली अट, कुठला आकडा वापरला, तो कुठून आला, चुकीचा वाटला तर कुणाकडे किती दिवसांत जायचं. शक्यतो नाकारण्याआधी. "तुमचं उत्पन्न आमच्याकडे एवढं दिसतंय, मान्य आहे का" हा एक मेसेज आधी पाठवला असता तर रोबोडेटसारख्या निम्म्या भानगडी तिथेच मिटल्या असत्या असं माझं मत आहे.

फाईलवाले_काका:

सगळं झालं पण त्या टोकनचं कुणी बोलेना. साहेबांची सही सर्व्हरला लावून ठेवलीये म्हणजे रबरी शिक्का उघड्या खिडकीत ठेवून घरी गेल्यासारखं आहे. आमच्यात शिक्का कपाटाबाहेर राहिला तर मेमो मिळायचा.

वकिली_चष्मा:

काका, बरी आठवण केलीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ म्हणतं की आपली "प्रायव्हेट की", म्हणजे सही करायची गुप्त डिजिटल किल्ली, आपल्याच ताब्यात राहील याची वाजवी काळजी सही करणाऱ्याने घ्यायची. इथे साहेबांनी ती स्वतःहून सोडून दिलीये, त्यामुळे "मी झोपलो होतो" हा बचाव उलट त्यांच्याच अंगावर येईल. युरोपात यावर बरा मार्ग काढलाय, ९१०/२०१४ च्या नियमावलीत माणसाची इलेक्ट्रॉनिक सही वेगळी आणि संस्थेची इलेक्ट्रॉनिक मोहोर वेगळी. यंत्राने काढलेल्या कागदावर खात्याची मोहोर लावा, म्हणजे कागद खात्यातूनच आला आणि मध्ये बदलला नाही हे कळतं, आणि कुण्या एका माणसाने वाचून सही केली असं खोटं चित्र उभं राहत नाही.

अर्धा_कोडर:

धन्यवाद सगळ्यांना. ईमेल पाठवला, उत्पन्नाच्या भागाकाराचा आणि टोकनचा. स्कोअरबद्दल कंपनीला कारणं मागणारं पत्र खात्याने काढावं असंही सुचवलंय. मॅनेजर वैतागलाय, म्हणतो टोकन काढलं तर बॅचच थांबते आणि अर्ज तुंबले की ओरडा आपल्यालाच बसतो. त्याचंही अगदी चूक नाही.

मीराची_नजर:

बॅच पूर्ण थांबवायची गरज नाही. कायद्यात तशी सोय असेल तर जे स्पष्टपणे पात्र आहेत ते मोहोर लावून आपोआप मंजूर होऊ देत, त्यातच बहुतेक गर्दी हलते. नाकारायचे तेवढे माणसाकडे वळवा, सिस्टीमला "बाद" च्या जागी "तपासा" म्हणू दे.

लॉगवाला:

यात एक मेख आहे. मदतीला कोटा ठरलेला असेल तर आपोआप मंजूर केलेला प्रत्येक अर्ज रांगेतल्या कुणाला तरी बाहेर ढकलतो, आणि त्याला तर नामंजुरीचं पत्रही जात नाही, नुसता "निधी संपला" असा मेसेज.

अर्धा_कोडर:

कोटा नाही आमच्यात, पात्र तेवढ्या सगळ्यांना मिळते. मंजुरी-नामंजुरी वेगळी काढायचा बदल दोन दिवसांत होईल, उद्या डेमो दाखवतो.